खालची चार बोटं

सायरा, खडू आधी साखरेच्या पाण्यात भिजव.
रात्रभर. सकाळी वाळव.
अक्षर उठतं, दुपारच्या वाऱ्यानं उडून जात नाही.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
दोन वर्षं नुसती पूड उडाली.

फळा पाच बाय तीन, तालमीच्या भिंतीवर.
एवढ्यात कोल्हापूर मावत नाही,
मावू द्यायचंही नाही. पेठेपुरतं लिही:
नळाला पाणी कधी, कुणाची म्हैस सुटली,
दिवसकार्य कुणाकडं,
सीपीआरला कुठलं रक्त पाहिजे.
सुविचार नको. ते सगळ्यांच्या कॅलेंडरवर असतात.

वेळ सव्वासहा.
गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी येतात,
माणसं धारोष्ण दुधाला उभी असतात,
ओठावर फेस, हातात पेला, डोळे रिकामे.
ते डोळे आपले.
एक दिवस चुकलीस तर कुणी बोलणार नाही.
तीन दिवस चुकलीस
तर कुणीतरी तिथं सायकल टेकवेल.
सायकल टेकली की फळा संपला.

आता पैसे.
हसू नको, तेच विचारायला आलीस.
पहिलं वर्ष शून्य. वहीत मांडून ठेव ते शून्य,
शेजारी खडू, फडकं, काळा रंग, चहा.
दुसऱ्या वर्षी चौगुल्यांचा भूपाल आला, मिरची कांडपवाला.
म्हणाला, कांडपाचा भाव रोज लिहिणार काय?
लिहितो म्हटलं. महिन्याला दोनशे.
खालची चार बोटं तुझी.
चार म्हणजे चारच, आणि बोटं माझी,
तुझी लई जाड आहेत.
वर बारीक अक्षरात 'जाहिरात' असं लिहायचं. लपवायचं नाही.
आणि एकाच गिऱ्हाइकावर चूल मांडू नको.
भूपालचं कांडप बंद पडलं त्या साली
मी चहासुद्धा उधार प्यालो.

एकदा मी बोटं मोजली नाहीत.
एका चप्पलवाल्यानं पंधराशे ठेवले हातावर,
म्हणाला, वरच लिहा, बातमीसारखं.
लिहिलं. अस्सल कापशी, कर्र वाजणारी.
मी ती घालून चार पावलं चाललो नव्हतो.
आठवड्यात कळंत्रे मास्तरांच्या टाचेतनं पुठ्ठा निघाला.
शिवी नाही, शब्द नाही.
चपला फळ्याखाली काढून ठेवल्या
आणि अनवाणी गेले, देवळात निघाल्यासारखे.
पैसे त्याच संध्याकाळी परत केले.
मास्तर परत फळ्यासमोर थांबायला
पावणेदोन वर्षं लागली.

पूर आला की चार बोटंही पुसायची.
तेव्हा फक्त आकडा:
राजाराम बंधारा, एकेचाळीस फूट सात इंच, किती वाजता ते.
कुणी म्हणेल कमी लिही, लोक घाबरतात.
कुणी म्हणेल वाढवून लिही, गर्दी जमते.
इंचाला हात लावायचा नाही.
त्या महिन्यात मी कुणाकडं दोनशे मागितले नाहीत.
चिखल धुऊन झाल्यावर सात दुकानं आपणहून आली.
बोटं चारच.
मग काय, वार वाटून दिले.
आईतवारी पाववाला, सोमवारी शिलाई मशीन दुरुस्ती,
असं करत घराचं लाइट बिल निघायला लागलं.
घर नाही निघत यातनं, हेही ऐकून ठेव.
सकाळी फळा, दिवसा तुझं धार लावायचं दुकान सोडू नको.

माझा हात आता कापतो.
'ळ' काढायला गेलो की नदीच होते.
तू म्हणालीस, "मी लिहितो की, काका,"
आणि खडू घेतलास.

काल तू पाण्याची वेळ पाचची सहा लिहिलीस.
बागवान वहिनींची पिंपं कोरडी राहिली.
आता त्या कोपऱ्यावर उभ्या आहेत, पदर खोचून,
तुझं नाव घेऊन ओरडतायत.
घाबरू नको. वाचतात म्हणून भांडतात.
जा, चूक पुसू नको, तिच्यावर रेघ मार,
शेजारी बरोबर वेळ लिही, दिसेल अशी.
मग ये, वही काढ.
आजचं शून्य मांडायचं राहिलंय.