पाच थाउ

मिनेझिस साहेबांनी तो गोणपाटात गुंडाळून आणला,
कोंबडं धरावं तसा काखेत,
आणि उद्यमबागेत माझ्या बाकड्यावर ठेवला.
"विमानाचा स्टार्टर. मोटार जळलीय बहुतेक."

मी बोअरच्या मोटारी बांधते.
पाच घोड्यांच्या, साडेसातच्या, उसाकडच्या.
चिखलासकट येतात, एक बेडकासकट आली होती.
विमानाचं याआधी काही आलं नव्हतं.
सांबऱ्याची विमानं आमच्या पत्र्यावरून
आवाज तेवढा टाकून जातात.

"कुठलं विमान?"
"पुष्पक. तुझ्या बापाच्या वयाचं.
क्लब मोडला तेव्हा भंगाराच्या भावानं घेतलं.
पंखा हातानं फिरवून चालू करत होतो इतके दिवस.
खरं आता खांदा वर जात नाही."

आर्मेचर ग्राउलरवर ठेवलं,
वर हॅक्सॉचं पातं धरून सगळं फिरवलं.
पातं कुठेच थरथरलं नाही.
तरी मी ते नव्यानं बांधलं.
खोटं कशाला सांगू,
मला तांब्याचं काम येतं
म्हणून दोष तांब्यात होता.
दोन दिवस. केसांत वॉर्निशचा वास.

मुतग्याच्या अलीकडे, वीटभट्टीमागच्या शेडमध्ये
साहेबांनी दांडा ओढला.
मोटार भन्नाट फिरली.
पंखा जागचा हलला नाही.
"गाते छान," साहेब म्हणाले.
मी मान खाली घालून बोल्ट सोडवायला लागले.

शेजारच्या शेडचा इराप्पा बडिगेर टर्नर आहे.
आमचं बोलणं अर्धं त्याचं, अर्धं माझं,
थाउ तेवढा दोघांचा एक.
त्यानं क्लच उघडला, रोलर चिमटीत धरला,
मायक्रोमीटर डोळ्यापाशी नेला.
"सवदैती," म्हणाला.
झिजलाय. पाच थाउ.

एवढंसंच.
केसापेक्षा थोडं जास्त.
चार रोलर, चार निमुळत्या खाचा,
प्रत्येकामागे नखाएवढी स्प्रिंग.
मोटार फिरली की रोलर अरुंद बाजूला अडकायचा
आणि शाफ्टला धरायचा.
इंजिन पेटलं की त्यानंच सोडायचं,
नाहीतर इंजिन मोटारीला फरफटत नेऊन जाळेल.
यांना सोडायचं चांगलं आठवत होतं.
धरायचं जमेना.

बेअरिंगच्या सळईतून इराप्पानं चार नवे काढले.
पाणी दिलं, घासले, परत मोजले,
एक टाकून दिला, पाचवा काढला.
मी म्हणाले, "साहेब, याला कागद मिळणार नाही.
इन्स्पेक्टर उडू देणार नाही."
ते चष्मा पुसत राहिले.
"माझं लायसन डोळ्यांबरोबरच गेलं, बाय.
उडवायचंय कुणाला?"

चाकांपुढे विटा लावल्या. शेपूट झाडाला बांधलं.
दांडा ओढला.
पंखा अडखळला, एक पातं, दुसरं,
आणि मग पातं दिसेनासंच झालं.
भट्टीवरची राख उठून आमच्या अंगावर आली.
इराप्पा टोपी धरून हसत होता,
काहीतरी ओरडत होता, कुठल्या भाषेत ते ऐकू आलं नाही.

साहेबांनी इंजिन बंद केलं.
मला वाटलं झालं.
त्यांनी परत चालू केलं.
बंद. परत चालू.
सात वेळा मी मोजलं.
"बॅटरी बसेल," मी म्हणाले.
"बसू दे."

पाटीवर माझं नाव वर कन्नडात आहे,
बिल मी मराठीत लिहिते.
रोलर नग चार. मजुरी, इराप्पा.
आर्मेचरपुढे रेघ ओढली.
"ही रेघ कसली?" साहेबांनी विचारलं.
"ते माझ्याकडे लागलं."

जुने चार त्यांनी नेले नाहीत.
ड्रॉवर ओढला की घरंगळत पुढे येतात,
ढकलला की मागे.