परतीच्या वेळा

"पुन्हा उडाली, सुल."
हॅस्लम दारात, पायात घरातल्या सपाता, बाहेर भुरभुर.
सुल म्हणजे मी, सुलक्षणा. उडाली म्हणजे हार्ड डिस्क.
मंगळवारी गेली, दुपारी आपणहून परत आली.
बुधवारी कुठे गेली नाही. गुरुवारी दोनदा.

मागच्या खोलीत, जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर कॉम्प्युटर.
खिडकीतून ढाबळ दिसते, तिच्यापलीकडे
उतारावरून घसरत गेलेल्या बर्न्लीच्या घरांच्या रांगा
आणि गिरणीचं एक धुराडं,
माझ्या जन्माआधीच गप्प झालेलं.

झाकण काढलं. आत कबुतराचं पीस.
मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी छताकडे.

केबल बदलली. लाल होती, निळी घातली.
डिस्क दिसली. चहा आला.
चहा संपायच्या आत गेली.
दुसऱ्या पोर्टात खोचली. दिसली. गेली.
मग मी बोलणं थांबवून कान लावला.

टक्.
टक् टक्, आणि फिरणं मंदावल्याचा एक उसासा.
मग पुन्हा वेग घेणं.

हे मी आधी ऐकलं होतं.
इचलकरंजीत, सोळा मागांच्या खडखडाटात
अण्णा एक बोट वर करायचे:
"सात नंबर. धोटा पोचत नाहीये."
आम्हांला कुणाला काही ऐकू आलेलं नसायचं.
आणि सात नंबरपाशी जाऊन ते धोट्याला हातही लावत नसत.
आधी पट्टा चाचपत.
"धोटा कुठे स्वतः पळतो? त्याला फेकणारा बघ."

तर मी वीज बघितली.
एका वायरीला तीन तोंडं फुटलेली:
एकावर डिस्क, एकावर पंखा,
एकावर नातवानं कधीतरी बसवलेले निळे दिवे,
जे झाकणाआड कुणालाच दिसत नव्हते.
मीटर धरला. बाराच्या जागी अकरा पूर्णांक एक,
दिवे लुकलुकले की त्याहून खाली.

दिवे काढले. डिस्कला तिची वेगळी तार दिली.
टक् बंद.

"म्हणजे तिचा दोष नव्हता," हॅस्लम म्हणाले,
मी जणू कुणाला तुरुंगातून सोडवून आणलं होतं.
"फारसा नव्हता," मी म्हटलं.
आतल्या नोंदीत चोवीस सेक्टर निकामी होते,
आणखी अकरा उंबऱ्यावर.
अर्धपोटी पळालं की झिजायला होतंच.

नवी डिस्क पिशवीत होती. नक्कल सुरू केली.
एकोणीस वर्षांच्या शर्यती:
पायातल्या कड्याचा नंबर, सोडलं ते गाव,
वारा कुठून, परतीची वेळ सेकंदापर्यंत.

तीन तास लागणार होते. मी विचारलं,
"उशिरा येणाऱ्या पाखराचं काय करता?"
त्यांनी कप खाली ठेवला.
"पूर्वी मान मुरगळायचो.
आता गुडघे दुखतात, म्हणून दाणे टाकतो."
मान मुरगळायला गुडघे कशाला लागतात,
हे मी विचारलं नाही.

नव्वद टक्क्यांवर एक फाइल अडली. दोन हजार अकरा.
पुन्हा वाचायला लावली. पुन्हा.
सातव्या खेपेला सोडून दिली.
"महत्त्वाची होती का?"
"त्या वर्षी फ्रान्समधून तीस सोडली. वादळ आलं.
चार आली. नंबर पाठ आहेत, लिही."

मी कोरा तक्ता उघडला.
तिघांच्या वेळा त्यांनी न अडखळता सांगितल्या.
चौथ्याला ढाबळीकडे बघत राहिले जरा.
"नवव्या दिवशी," म्हणाले. "पायी."

वेळेचा रकाना फक्त आकडे घेत होता.
मी समासात लिहिलं.