मधली खोली

कर्वेनगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
हे मी जिन्यातच सांगून टाकतो,
दम लागलेला माणूस कमी भांडतो.

दार उघडलं की हॉल. हॉलमधून मधली खोली,
तिच्यातून स्वयंपाकघर, मग गॅलरी,
आणि संडास गॅलरीच्या टोकाला.
सगळं एका सुतात.
घरातून जायचं म्हणजे कुणाच्या तरी अंथरुणावरून जायचं.

गिऱ्हाईक इथेच थांबतं.
"कार्पेट किती?" विचारणारे परवडले,
ते कागदावर घर बघतात.
बायका बघतात ते दार, जे नाही.
एक नर्स म्हणाली, रात्रपाळी करून दिवसा झोपायचं कुठे?
सासरे पाणी प्यायला उठणार ते माझ्या उशाशी.
चप्पल घालून झाली होती तिची.

मालकीण खासनीसबाई म्हणतात,
आम्ही सहाजण राहिलो इथे, कुणाचं काही अडलं नाही.
अडलं का, हे तेव्हा कुणी विचारलं होतं,
असं मी म्हणत नाही. चहा घेतो.

शेवटी परभणीची तीन पोरं आली.
भाडं तेरा हजार, उभ्याउभ्या वाटलं त्यांनी:
हॉलला पाच, स्वयंपाकघराला साडेचार,
मधल्या खोलीला साडेतीन.
ती अंबादासने घेतली. परीक्षेचा अभ्यास करायचा,
वडिलांचं किराणा दुकान.
दीड हजाराच्या फरकात त्याने दार सोडून दिलं.
मला म्हणायचा, काका, आता पावलांवरून कळतं,
कुणाचं पोट बिघडलंय,
कुणाचा पगार झाला नाही.

अकरा महिन्यांनी पोरं गेली.
मी बाईंना म्हटलं, प्लायची भिंत घाला,
तीन फुटांचा पॅसेज काढा, खोलीला दार द्या.
सोळा हजार माझ्या जिभेवर.
सुतार दोन दिवसांत मोकळा झाला. कडी पितळेची.
आठवड्यात घर गेलं.
महिन्याचं भाडं माझ्या खिशात.

एक गोष्ट मात्र राहिली.
दुपारी साडेचारला गॅलरीतलं ऊन
ओट्याखाली उतरायचं, मधल्या खोलीत शिरायचं
आणि अंबादासच्या उघड्या पुस्तकावर थोडा वेळ बसायचं.
इतक्या लोकांना घर दाखवलं,
हे एकालाही सांगितलं नाही.
दाखवायच्या गोष्टींत ते धरलंच नव्हतं मी.

परवा करारावर सह्या घ्यायला गेलो.
दुपारची वेळ, दाराच्या फटीखाली ट्यूबलाइटचा पट्टा.
कडी वाजवली. मुलीने दार वीतभर उघडलं,
सही केली, पेन परत दिलं.
"खोली छान आहे," म्हणाली, "कुणी येत नाही."
मी म्हटलं, हो, म्हणूनच तर.
आणि पॅसेजमधून बाहेर आलो
भिंतीला हात लावत लावत,
दिवसासुद्धा तिथे आता दिसत नाही.