हात वर

बार्न्सलीच्या त्या क्लबात मंगळवारी सभा.
बाहेर बर्फ नव्हता, नुसता चिकट गारठा,
आणि खासदाराला पत्र धाडायचं की नाही
एवढाच विषय, फळ्यावर खडूने.

सिरिल म्हणाला, हा क्लब आमचा आहे.
आमच्या आज्यांनी हप्त्यातून पेनी पेनी काढून बांधलेला.
इथे कुणी रस्त्यावरून उठून येत नाही.
ज्याला धूर सोसत नाही त्यानं घरी बसावं,
खिडकी उघडी टाकून.

व्हर्ननला बोलायला वेळ लागतो.
तो आधी श्वास जमवतो, खिशातली चिल्लर जमवावी तसा,
मग एकेक शब्द काउंटरवर मोजून ठेवतो.
एकतीस वर्षं खाणीत होतो, म्हणाला.
दगडाची भुकटी, कोळशाची भुकटी.
तेव्हा माझ्या छातीची काळजी कुणाला नव्हती.
आता खाण बुजवली, वर गोदाम उभं केलं,
आणि आता विचारतात, व्हर्नन, हे काय ओढतोस?
लोकांनी टेबलं बडवली.
त्याने खोकून घेतलं, मग पेटवली.

हेझेल बिंगोचे आकडे पुकारते, तिचा आवाज पोचतो.
आणि हिचं काय, ती म्हणाली,
ही इथे रोज सहा तास उभी असते.
तेव्हा सगळे माझ्याकडे वळले.
मी ग्लास पुसत होते.
तासभर ज्या दोन फुप्फुसांवरून भांडण चाललं होतं
ती माझ्यापाशी होती, काळ्या एप्रनच्या मागे.

तुला त्रास होतो का, लव्ह?
(इथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.)
नाही, म्हणाले मी.
ताशी पाच पौंड पाच पेन्समध्ये
तेवढंच उत्तर बसत होतं.

सिन्नर आठवलं नाही असं नाही.
आईच्या मांडीवर सूप, सुपात जर्दा,
टेंभुर्णीची ओली पानं, कातरीची कुरकुर.
हजार विड्यांमागे मजुरी, त्यातल्याही शंभर-दीडशे
मुकादम वाईट म्हणून बाजूला सारायचा
आणि घेऊन जायचाच.
तिने जन्मात एक विडी ओढली नाही.
रात्री खोकायची तेव्हा पातेल्यावरचं झाकण वाजायचं.
तुमचं कामाचं ठिकाण कोणतं, असं कुणी विचारलं असतं
तर म्हणाली असती, हे काय, चुलीच्या अलीकडे.
कायदा उंबऱ्यापर्यंत येतो.
चपला काढून आत येत नाही.

मतदान हात वर करून.
चौदा हात वर गेले, त्यातल्या सहांत पेटलेली,
म्हणून ठराव असा दिसला:
आधीच पिवळं पडलेलं छत
आणि त्याच्याकडे निघालेल्या सहा बारीक रेघा.
हेझेल एकटी विरोधात.
मी नोकर. मला मत नव्हतं.

पत्र गेलं. उत्तर छापील आलं.

पहिल्या बिनधुराच्या रविवारी कळलं
इतकी वर्षं धुराखाली काय झाकलेलं होतं:
गालिच्यात मुरलेली बियर, ओले कोट,
मुतारीचं दार, म्हातारी माणसं.
अरे देवा, हेझेल म्हणाली, हा वास आपला?
मला रात्री केस धुवावे लागेनात.
सकाळी घसा मोकळा. घरात एकटीच
मोठ्याने बोलून पाहिलं.

व्हर्नन मागच्या पत्र्याखाली उभा राहायचा,
पेला आत, त्यावर पुठ्ठ्याची चकती झाकून.
पाऊस तिकडे तिरका येतो. एकदा मी छत्री दिली.
तुझ्यासाठी भिजतोय बघ, म्हणाला.
चेष्टा होती की नाही, अजून ठरलेलं नाही.

मग तो येईना.
घरीच ओढतो, हेझेल म्हणाली, टीव्हीसमोर,
दुकानातले स्वस्त कॅन घेऊन, शेजारी बायको.

दोन वर्षांत क्लब बंद.
शेवटचं पाकीट देताना सिरिलने
लिलावासाठी ॲशट्रे घासून मागितले. बेचाळीस.
एक मी पिशवीत टाकला.
बसचे सुट्टे पैसे ठेवते त्यात.
तीनदा घासला तरी वास जात नाही,
का तो माझ्या बोटांनाच आहे,
आईच्या होता तसा.