रकाना सात

निपाणीत, जुन्या तंबाखूच्या वखारीवर
सकाळी सहाचा मकतब.
मी जिना चढलो तेव्हा पोरं अलिफ-बे घोकत होती
आणि मधेच एखादं शिंकत होतं.
वखार बंद होऊन वर्षं झाली,
भिंती अजून पूड सोडतात.

माझ्या हातात तालुक्याहून आलेला फॉर्म. कन्नडात.
हाफिज इलाही सनदींना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही.
मला वाचता येतं,
बोलताना जीभ अजून उंबऱ्याशी थांबते.

मुलं बत्तीस, त्यात मुली एकोणीस.
रकाना सात : पैसा कुठून येतो?
परदेशातून असल्यास देशाचं नाव.

सनदी हसले नाहीत.
त्यांनी पत्र्याचा डबा पुढे सरकवला.
दर जुम्म्याच्या दहा-दहाच्या नोटा,
एकीला विडीचा लाल दोरा चिकटलेला.
आयांनी हजार विड्या वळल्या की जे हाती येतं, त्यातल्या.
याला कोणता देश लिहू?

नऊ वाजता हीच पोरं आमच्या मराठी शाळेत येतात.
गेल्या महिन्यात पालकसभेत कुणीतरी मोबाईल फिरवला :
मिस्बाह तांबोळी, चौथी ब,
खिचडीच्या ताटावर दोन्ही हात पसरून.
मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या वर्गातली आहे, समजवा.
मी समजावलं.
ती म्हणाली, बरं सर,
मनात म्हणते.

मनात म्हणायचं मला कुणी शिकवलं नव्हतं.
उतारा मराठीत मागितला म्हणून
माझा बाप कचेरीबाहेर दुपारभर उन्हात उभा होता,
एवढंच पाहिलं होतं.
पुढे आम्ही पाट्यांना डांबर फासलं, लाठ्या खाल्ल्या.
सनदींचे वडील माझ्या पुढच्याच रांगेत होते,
डोक्याला फडकं बांधून.
तेव्हा कुणी विचारलं नव्हतं
त्यांच्या घोषणेला पैसा कुठला.

रकाना सातमध्ये मी लिहिलं : निप्पाणी.
त्यांच्या लिपीत, त्यांचा जोड प देऊन,
अक्षर शक्य तितकं सुबक.

आठवड्यानं फॉर्म परत आला.
सातवर लाल गोल.
पुन्हा भरावा.

आज जेवणाच्या सुट्टीत मिस्बाहचे हात मांडीवर होते,
ओठ जेमतेम हलत होते.
खिडकीशी कुणीतरी उभं होतं, मोबाईल असेल, नसेल.
मी फळ्याकडे तोंड केलं
आणि पुसत राहिलो.
त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.