छातीच्या उंचीवर

बैठक दहाची, सुरू झाली पावणेअकराला.
प्रोजेक्टरला भिंत हवी होती
आणि आमच्या वनशास्त्र विभागातली एकुलती मोकळी भिंत
खोडांच्या चकत्यांनी भरलेली :
साग, तिवस, शिसव, एक कळंब.
त्या उतरवून टेबलाखाली रचल्या.
पौषातली थंडी गंगापूर धरणावरून थेट खिडकीत,
आणि इतिवृत्त लिहायला मी,
सगळ्यात नवीन म्हणून.

पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी रंगीत चिठ्ठ्या वाटल्या.
पिवळी म्हणजे बलस्थान, गुलाबी म्हणजे उणीव.
विभागाची पुढच्या पाच वर्षांची दिशा,
एका वाक्यात, फार तर वीस शब्द.
‘शाश्वत’ तीनदा आला, दोनदा खोडला.
खैरनार मॅडम म्हणाल्या, अहो,
हरसूलच्या उतारावर धावडा लावला
तर पाच वर्षांत तो जेमतेम माझ्या कमरेला लागतो.
त्याला कुठल्या तोंडाने सांगू
की तुझा कालावधी संपला?
सल्लागार हसले,
आणि त्यांनी ते हिरव्या चिठ्ठीवर लिहिलं.
हिरवी म्हणजे काय, ते सांगायचं राहून गेलं.

मग प्लॉट सात.
पावणेदोन एकर, खैर आणि ऐन.
नव्या आराखड्यात तिथे नवउद्योजकता केंद्र
आणि चाळीस गाड्यांचं पार्किंग.
या प्लॉटचा काही डेटा आहे का, सल्लागारांनी विचारलं,
नसेल तर मग प्रश्नच मिटला.

कपाटाच्या तळाशी कापडी बांधणीची वही निघाली.
बत्तीस वर्षं, दर पौषात, झाडागणिक घेर.
पहिली तेरा देसले सरांच्या वळणदार अक्षरात,
आणि त्या पानाच्या कडेला, शेवटच्या रकान्यावर :
पुढच्याने मोजावे.
पुढची एकोणीस पेन्सिलीने, एकावर एक चढलेले आकडे.
खाली सही : रा. भोये, रोपवाटिका.

रावजीला बोलावलं.
चपला बाहेर काढून तो दारातच थांबला.
तुला कुणी सांगितलं होतं?
लिहिलं होतं ना तिथं.
कुठल्या उंचीवर मोजलंस?
छातीच्या.
म्हणजे एक मीटर सदतीस?
रावजीने शर्टाच्या दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं.
ह्या छातीच्या.

गुलाबी चिठ्ठी. डेटा अप्रमाणित.

जेवणाच्या सुट्टीत मॅडम टेप घेऊन प्लॉटमध्ये गेल्या,
मी वही घेऊन मागे.
एक्केचाळीस नंबरच्या ऐनाशी रावजीला उभं केलं.
नंबराचा पत्रा त्यानेच ठोकलेला, पहिल्या वर्षी,
बरोबर बटणाच्या रेषेत.
आता पत्रा चार बोटं वर होता.
झाड वाढलं, मी म्हणालो.
मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं
की मला माझा पहिल्या वर्षाचा पेपर आठवला :
खोडावर ठोकलेलं खोड वर नेत नाही.
झाड वाढतं शेंड्याला आणि जाडीला.
पत्रा जागेवरच होता.

कुणी काही बोललं नाही.
रावजी बटण चाचपत म्हणाला,
पाठ थोडी गेलीय, मॅडम.

दुपारी मी इतिवृत्तात लिहिलं :
प्लॉट सातचे आकडे दुरुस्तीस पात्र.
दुरुस्ती, दरवर्षी सुमारे चार मिलिमीटर.
प्लॉटबाबत निर्णय पुढील बैठकीत.
दुरुस्तीचं कारण, सल्लागारांनी विचारलं.
मी लिहिलं, मोजणाऱ्याचं वय.
ते त्यांनी ठेवलं की काढलं, मला कळलं नाही.

मे महिन्यात रावजी निवृत्त झाला,
पेठला गेला, कुळवंडीला.
पुढची बैठक अजून झालेली नाही.

आज पौष. एक्केचाळीस नंबर.
मी उंच आहे, मला वाकावं लागलं.
सालीच्या भेगांत दव होतं, टेप दोनदा घसरला.
ब्याण्णव पूर्णांक चार.