कल्ला

निवतीच्या हायस्कुलात खडू सर्द होतो.
खारं वारं त्यात शिरतं नि फळ्यावर
अक्षर अर्धंच उमटतं.
मी घाटावरची. खटावातून बदली होऊन आले तेव्हा
पेटीत दोन साड्या, एक छत्री
आणि बी.एड.च्या वहीतली कमळं होती.

दहावी ब. तिसरा तास. उपमा.
'मुख कमळासारखे सुंदर.'
उपमेय खाली एक रेघ, उपमान खाली दोन,
आणि 'सारखे' भोवती गोल.
साईल कुबल उभा राहिला. हात वर न करताच.
"बाई, ह्या कमळ खंय गावता?"

हसण्याचा एवढा कल्ला उठला
की शेजारून गणिताचे सर डोकावून गेले.

मी कमळ पुसलं.
पुसलं म्हणजे काय, ओला पांढरा डाग राहिला तिथे.
म्हटलं, मग तुमच्याकडचं द्या.
साईल थोडा वेळ खिडकीतून जेटीकडे बघत राहिला.
"ताज्या बांगड्याचो डोळो भरलेलो असता, बाई.
शिळ्याचो,
लाईट गेल्यावरच्या बल्बासारखो."

कुणीच हसलं नाही. त्यांना ते रोजचंच होतं.
मला मात्र घाम फुटला.

मग त्यानेच मला बाजारातली रीत सांगितली.
कोळणीच्या बोलण्यावर जायचं नाही,
बर्फाच्या चकाकीवर तर मुळीच नाही.
कल्ला उचलायचा. आत लाल असेल तर घ्यायचा,
मातकट असेल तर पुढच्या पाटीकडे.

म्हणजे एकाच तासात, एकाच शब्दाने,
दोन कल्ले. श्लेष वेगळा शिकवावा लागला नाही.
त्या रात्री मी वहीतल्या उपमा एकेक करून उचलून पाहिल्या.
चंद्र, चकोर, हरिणीचे डोळे.
सगळं मातकट.

चेतनगुणोक्तीला तर मी सरळ हरले.
'दर्या रागावला' असं लिहून म्हटलं,
बघा, निर्जीवाला माणसासारखं.
लाविना फर्नांडिसने वहीतून मानही वर केली नाही.
"तो रागावता तेवा रागावताच, बाई.
हेच्यात अलंकार खंय?"
बापाचा शर्ट दोरीवरून काढावा की नाही
हे ज्या घरात आधी दर्याला विचारतात,
तिथे मी कुणाला निर्जीव म्हणत होते!

अपन्हुती नोव्हेंबरात आली.
'हे ते नव्हेच, हे दुसरंच', असा तो अलंकार.
आहे ते नाकारायचं आणि त्याच्या जागी
आपल्याला दिसतं ते ठेवायचं.
तेव्हा रात्री समुद्रात बाहेरच्या ट्रॉलरांचे दिवे लागत.
पांढरे, झगझगीत, क्षितिजभर.
माझ्या खोलीतून ते मला सुंदर दिसायचे, हे कबूल करते.
आईला फोनवर सांगितलंही होतं,
जत्रा भरल्यासारखं वाटतं म्हणून.
शमिका तोरस्कर शेवटच्या बाकावरून म्हणाली,
"ते दिवे न्हंयत, बाई.
आमच्या जाळ्याक पडलेली भोकां ती."

घंटा होईपर्यंत मी काहीतरी पुसत राहिले.
फळ्यावर काही नव्हतं.

आता पूर्वपरीक्षेचा गठ्ठा समोर आहे.
प्रश्न चौथा, अ. अनन्वय अलंकाराचे उदाहरण लिहा. एक गुण.
ज्याला दुसरं उपमान सापडतच नाही,
ज्याची तुलना त्याच्याशीच करावी लागते, तो अनन्वय.
एकतीस जणांनी पुस्तकातलं लिहिलं आहे,
त्यातल्या चौघांनी एकमेकांच्या चुकांसकट.
बत्तिसावा पेपर शमिकाचा.
अक्षर तिरपं, शाई फुटलेली,
गेल्या आठवड्यात ती तीन दिवस शाळेत नव्हती.

'आमची होडी आमच्या होडीसारखी होती.'

नमुना उत्तरात 'आहे' दिलं आहे.
मी एक गुण दिला. पूर्ण एक, त्याहून जास्त देता येत नाही.
मग लाल पेन 'होती'पाशी नेलं,
आणि तिथे ना गोल केला, ना रेघ ओढली.